वीज साठवण्याबद्दल खान्देशातून सतत येणारे प्रश्न

अमळनेरात माझं इन्व्हर्टर आणि बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरवर, फोनवर, लग्नाच्या पंगतीत लोक जे विचारतात ते मी एका वहीत लिहून ठेवतो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याला लागतं. एक सांगून ठेवतो, आधी बॅटरी विकत घेऊ नका. आधी तुमचं कोणतं काम उन्हाच्या वेळात सरकवता येतं ते बघा. बॅटरीचा विचार त्यातून जे उरेल त्याच्यासाठी.

१. वीज साठवायची गरजच काय? बनते तशी वापरली तर काय बिघडतं?

पिठाची चक्की आठवा. दाणे एकदम जास्त पडले की इंजिनाचा आवाज जड होतो, वेग पडतो. दाणे संपले की इंजिन मोकळं धावतं. वीजकेंद्रातली यंत्रं अशीच आहेत. देशभरातली मोठी जनित्रं एकमेकांशी जोडलेली, एकाच लयीत फिरतात. ती लय म्हणजे ५० हर्ट्झ. मागणी वाढली की ती खाली येते, मागणी पडली की वर जाते. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायचा नियम आहे. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही कूलर लावता, त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज जास्त बनावी लागते.

हा तोल गेला तर काय होतं ते २०१२ च्या ३० आणि ३१ जुलैला देशाने पाहिलं. आधी उत्तरेचं जाळं कोसळलं, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही. साठ कोटींवर लोक अंधारात गेले. आपला पश्चिम भाग वाचला. उलट उदाहरण ५ एप्रिल २०२० चं. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन होतं आणि देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली. जाळं टिकलं ते मुख्यतः धरणांमुळे. जलविद्युत केंद्रांचं पाणी आधी पटकन कमी केलं आणि नंतर तितक्याच पटकन सोडलं. साठवलेल्या ऊर्जेची किंमत त्या नऊ मिनिटांत कळते.

२. एवढ्या लांब तारा आहेत, त्यांच्यात वीज साठत नाही का?

नाही. तार म्हणजे पाट, तळं नव्हे. पाटातलं पाणी वाहतं तेवढंच.

३. किलोवॅट आणि युनिट यात माझा कायम गोंधळ होतो. बॅटरी घेताना कोणतं बघायचं?

दोन्ही बघायचं. टाकीला दोन मापं असतात, तिच्यात पाणी किती मावतं आणि तोटीतून किती जोराने पडतं. युनिट म्हणजे टाकीत किती, किलोवॅट म्हणजे तोटी केवढी. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट.

विक्रेता ‘पाच किलोवॅटची बॅटरी’ म्हणाला तर लगेच विचारा, किती युनिटची? बऱ्याचदा इन्व्हर्टर पाच किलोवॅटचा असतो आणि बॅटरीत दोन-तीन युनिटच मावतात. मोठ्या प्रकल्पांच्या बातम्यांतही हेच. १०० मेगावॅट हा आकडा छापला जातो, पण ते किती तास पुरणार हे बातमीत नसतं. तास नसतील तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

४. दीपनगरचं कोळशाचं वीजकेंद्र आपलं, साक्रीच्या पवनचक्क्या आपल्या, सोलरही आपलं. तरी संध्याकाळी लाईट का जाते?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग खरा आहे. दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, त्यात ६६० चा नवा आला. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचं सोलर २०१३ पासून आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग लांबून दिसते. पण ही वीज खान्देशाची म्हणून वेगळी राहत नाही, ती राज्याच्या आणि देशाच्या जाळ्यात जाते.

दुसरं, बनण्याची वेळ आणि वापरायची वेळ जुळत नाही. सोलर दुपारी जोरात असतं आणि सहानंतर शून्यावर येतं. वारा आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये भरात असतो, जानेवारीत पवनचक्क्या सुस्त. कोळशाचा संच पाहिजे तेव्हा लगेच वर-खाली करता येत नाही. आणि घरोघरी दिवे, पंखे, कूलर, टीव्ही एकदम सुरू होतात ते सूर्य मावळल्यावर. हे सात ते दहाचे तास भरून काढायला साठवण हवी.

पण प्रामाणिकपणे सांगतो, तुमच्या गल्लीतली लाईट जाते त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. डीपीवर भार जास्त, फ्यूजच्या जागी जाड तार, वादळात झाडाची फांदी, जळालेला ट्रान्सफॉर्मर. शेजारच्या गावात उजेड आणि तुमच्याकडे अंधार असेल तर तो साठवणुकीचा प्रश्न नाही. देशात कितीही बॅटऱ्या बसल्या तरी जळकी डीपी बदलल्याशिवाय तुमच्याकडे ‘लाईट उनी’ (लाईट आली) असं कोणी ओरडणार नाही.

५. दुपारी सोलरची वीज जास्त झाली तर ती फेकून देतात का?

फेकत नाहीत, बनवणंच थांबवतात. प्रकल्पाला वरून निरोप येतो की उत्पादन कमी करा, आणि पॅनलवर ऊन पडत असूनही वीज घेतली जात नाही. याचं एक कारण कोळशाच्या केंद्रांत आहे. संच पूर्ण बंद केला तर पुन्हा तापवायला कित्येक तास लागतात. संध्याकाळी त्याची गरज असतेच. म्हणून दुपारीही तो मंद आचेवर चालू ठेवावा लागतो. ही मंद आच संचाच्या क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांपर्यंत खाली नेता येते, त्याहून खाली न्यायचे प्रयत्न सुरू आहेत. चुलीवर आधण ठेवलेलं असताना सूर्यचुलीतला भात वाया जावा, तसं हे आहे. ती दुपारची वीज चार-पाच तास पुढे नेणं, एवढंच साठवणुकीचं मुख्य काम.

६. साठवायचे मार्ग तरी किती आहेत?

पाणी उंचावर चढवून ठेवणं (७ आणि ८), रासायनिक बॅटरी (१३ ते १५), थंडी किंवा उष्णता साठवणं (१६) आणि काम आधीच उरकून ठेवणं (९). चौथ्याला कोणी साठवण म्हणत नाही, पण आपल्या भागात सगळ्यात स्वस्त तीच आहे. दाबलेली हवा, जड चाक, हायड्रोजन हेही आहेत, पण ते आपल्या दारात यायला वेळ आहे, म्हणून इथे सोडतो.

७. गच्चीवरची पाण्याची टाकी म्हणजे पण बॅटरीच ना? तिच्यातून वीज काढता येईल का?

आहे बॅटरीच, पण फार लहान. हजार लिटरची टाकी जमिनीपासून दहा मीटर उंच आहे असं धरू. तिच्यात उंचीमुळे साठलेली ऊर्जा साधारण २७ वॅट-तास. नऊ वॅटचा एलईडी दिवा तीन तास, तेही एक थेंब वाया न जाता. एक युनिट साठवायला तेच हजार लिटर पाणी ३६७ मीटर उंच न्यावं लागेल. याउलट एक युनिटची लिथियम बॅटरी दहा किलोच्या आसपास असते, हाताने उचलता येते.

म्हणून पाण्याची बॅटरी करायची तर दोन गोष्टी प्रचंड लागतात, उंची आणि पाणी. सह्याद्रीत दोन्ही आहेत. अकोले तालुक्यातल्या घाटघरला वर एक तलाव आणि खाली कोकणाच्या बाजूला दुसरा, मधली उंची सुमारे ४०० मीटर. वीज मुबलक असते तेव्हा खालचं पाणी वर चढवतात, टंचाई असते तेव्हा तेच खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज काढतात. हे केंद्र २००८ पासून चालू आहे. १०० युनिट खर्चून पाणी चढवलं तर परत ७५ ते ८० मिळतात. बाकीची पंपात, पाइपात आणि यंत्रात जातात. हा तोटा मान्य करायचा, कारण दुपारच्या नको असलेल्या युनिटपेक्षा संध्याकाळचं युनिट कितीतरी मोलाचं असतं.

८. मग सातपुड्यात असं केंद्र का होत नाही? उंची तर आहे.

उंची आहे, तोरणमाळला गेलेल्या कोणालाही ते माहीत आहे. तापीच्या पात्रापासून सातपुड्याची धार एकदम उठते. नदी न अडवता वर-खाली दोन तळी बांधून तेच पाणी फिरवत ठेवायचं, असा प्रकारही आता करतात. त्यात पाणी एकदाच भरायचं आणि पुढे वाफ होऊन गेलेलं भरून काढायचं.

पण या प्रश्नाचं उत्तर मला नुसत्या उंचीवर देता येत नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवराचं नदीपात्रातलं वीजघर १२०० मेगावॅटचं आहे, २०० चे सहा संच, आणि ते उलटे फिरून पाणी वर चढवू शकतील असेच बनवलेले आहेत. त्यासाठी खाली पाणी अडवलेलं लागतं, म्हणून गरुडेश्वरला बंधारा. म्हणजे आपल्या उंबरठ्यावर एक मोठी पाण्याची बॅटरी आहे. तिच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. आणि त्या धरणाच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली, मणिबेलीपासून पुढची. वीज जाळ्यात गेली आणि माणसं वसाहतींत गेली. तळोदा-शहाद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींतून माझ्याकडे बॅटऱ्या दुरुस्तीला येतात. त्यांच्याशी बोलल्यावर ‘सातपुड्यात उंची आहे’ हे वाक्य तसं सहज उच्चारता येत नाही.

नवा प्रकल्प आलाच तर विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. जंगल किती जाणार, वनहक्काच्या जमिनी त्यात आहेत का, पहिलं पाणी कुठून भरणार, उन्हाळ्यात वाफ होईल ते कुठून आणणार, आणि वीज आधी कोणाच्या घरात पोचणार. यांची उत्तरं कागदावर असतील तर विचार करता येतो.

९. रात्रीच्या लाईटीला कंटाळलो. विहिरीच्या मोटारीला बॅटरी लावून पाहिजे तेव्हा पाणी भरता येईल का?

चोपडा, यावल, शिंदखेडा, सगळीकडून हा प्रश्न येतो. आधी हिशोब करू. पाच एचपीची मोटार चालताना सुमारे साडेचार किलोवॅट ओढते. सहा तास चालली तर २७ युनिट. बारा व्होल्ट दीडशे एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात आणि ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ०.९. तीस बॅटऱ्या लागतील. वर मोटार सुरू होताना जो झटका ओढते तो झेलणारा इन्व्हर्टर वेगळा. मी दुकानदार असून सांगतो, हे करू नका.

तुम्हाला खरं तर वीज साठवायची नाही, पाणी साठवायचं आहे. दिवसा आठ तास लाईट मिळो किंवा सौर पंप असो, त्या वेळात विहिरीतलं पाणी शेततळ्यात किंवा उंच टाकीत चढवून ठेवा. पाणी वर आलं की वीज खर्च झाली आणि साठलीही. मग ठिबकला ते आपल्या वेळेला सोडा. तळं शेतापेक्षा उंच बांधावर असेल तर कमी दाबाच्या ठिबकाला मोटारही लागत नाही, नसेल तर एक एचपीचा लहान पंप पुरतो.

शेततळ्याचा तोटाही सांगितला पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला साधारण एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन जातं. तीस बाय तीस मीटरचं तळं असेल तर ते रोजचे नऊ हजार लिटर. म्हणून तळं पसरट करू नका, खोल करा, आणि जमलं तर वर शेडनेट ताणा.

माझे मोठे काका आयुष्यभर रात्रीची पाळी भरायचे. कपाशीत फूटभर पाणी, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फावडं, आणि बारं फोडताना पाय कुठे पडतो याचा भरवसा नाही. एका रात्री त्यांना साप चावला. वेळेवर धुळ्याला नेलं म्हणून वाचले. राज्यात २०१७ पासून शेतीचे फीडर सोलरवर न्यायची योजना सुरू झाली आणि दिवसा वीज मिळायला लागली, त्याकडे मी बिलाच्या नजरेने बघत नाही. रात्री शेतात जावं लागू नये, हाच माझ्या लेखी तिचा सगळ्यात मोठा फायदा.

१०. सौर पंप दुपारनंतर रिकामाच असतो. त्याच्या पॅनलवरून घरातले दिवे लावले तर?

स्वतः तार ओढून अजिबात लावू नका. मोटारीला जाणारा प्रवाह घरातल्या विजेसारखा नसतो, ऊन कमी-जास्त होईल तशी त्याची लय बदलते. मिक्सर, टीव्ही, दिवे त्यावर जळतात. पॅनलकडून येणारी डीसी वीज कित्येक शे व्होल्टची असते आणि तिचा झटका माणसाला सोडत नाही. शिवाय सरकारी योजनेतल्या पंपाची पाच वर्षांची देखभाल त्यात जाते.

योग्य रस्ता म्हणजे बहुउपयोगी कंट्रोलर. त्यावर पंपाबरोबर कडबाकुट्टी, पिठाची चक्की असली यंत्रं चालवता येतात. पंप घेतानाच त्याची चौकशी करा, नंतर बदलणं महाग पडतं.

११. छतावर तीन किलोवॅटचं सोलर आहे. भर दुपारी लाईट गेली की माझंही घर बंद पडतं. फसवलं का मला?

फसवलं नाही, पण आधी सांगायला हवं होतं. तुमचा इन्व्हर्टर जाळ्याशी जोडलेला आहे. लाईन बंद झाली की तो मुद्दाम स्वतःला बंद करतो, कारण खांबावर वायरमन चढलेला असू शकतो. खालून डीपी बंद केली, लाईन मेली असं समजून त्याने तारेला हात लावला आणि तुमच्या छतावरून वीज तारेत आली, तर तो जागीच जाईल. म्हणून ही सोय काढून टाकायला कोणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

लाईट गेल्यावरही घर चालू हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तो लाईन गेली की घराला जाळ्यापासून तोडतो आणि आतल्या आत वीज पुरवतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान, तीन किलोवॅटला ७८ हजार, हे सोलरवर आहे. बॅटरीचा खर्च तुमचा.

१२. नेट मीटर म्हणजे ग्रिडमध्ये साठवलेली वीजच ना? मग बॅटरी कशाला?

नेट मीटर म्हणजे वाण्याच्या दुकानातलं खातं. दुपारी तुम्ही दहा युनिट दिली, ती त्याच मिनिटाला शेजारच्या कूलरने खाल्ली. रात्री तुम्हाला मिळतात ती दीपनगरच्या कोळशाची किंवा कोयनेच्या पाण्याची ताजी युनिटं. वहीत जमा-खर्च जुळतो, पण वीज कुठेही साठलेली नसते. तुमच्या बिलासाठी ही सोय उत्तम आहे आणि लाईट फारशी जात नसेल तर बॅटरीची गरज नाही. पण गावातल्या प्रत्येक छतावर सोलर आलं तर दुपारी देणारे सगळे आणि घेणारा कोणी नाही, अशी वेळ येते (५ पाहा).

१३. घरच्या दीडशे एएच बॅटरीवर किती तास निघतील?

दोन साधे पंखे १५० वॅट, चार दिवे ३६, टीव्ही ६०, वायफाय १०. झाले सुमारे २५०, इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून ३००. निम्मी बॅटरी वापरायची ठरवली तर तीन तास, नवी बॅटरी तळापर्यंत ओढली तर कागदावर सहा, प्रत्यक्षात साडेचारच्या आसपास. रोज तळापर्यंत ओढली तर दोन उन्हाळ्यांत ती बदलायला लागेल.

तास वाढवायचे असतील तर दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) तीस वॅटच्या आसपास चालतो. दोन पंख्यांत तुमची ९० वॅट वाचतात आणि तीच बॅटरी तीनऐवजी सव्वाचार तास जाते. कूलर इन्व्हर्टरवर चालतो का? लहान असेल तर चालतो, पण मग तास निम्मे धरा. फ्रिज, इस्त्री, पाण्याची मोटार लावू नका.

१४. लेड-ॲसिड घेऊ की लिथियम?

लेड-ॲसिड बॅटरी फ्रान्समध्ये १८५९ साली गास्तों प्लांते यांनी बनवली. आजही तिचं तत्त्व तेच आहे. स्वस्त, कुठेही दुरुस्त होते, जुनी दिली की पैसे परत मिळतात. लिथियम-आयन १९९१ मध्ये बाजारात आली, आणि तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं. घरासाठी त्यातली लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, हीच घ्यायची. ती तापली तरी बाकीच्या प्रकारांइतकी लवकर भडकत नाही.

महिन्यातून दोन-चारदाच लाईट जात असेल तर लेड-ॲसिडची ट्यूब्युलर पुरे. रोज सोलरने भरून रोज रात्री रिकामी करायची असेल तर एलएफपी. ती हजारो वेळा भरते-रिकामी होते, ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते आणि भरलेल्या शंभरातले नव्वदच्या वर परत देते. लेड-ॲसिड पंचाहत्तर-ऐंशी देते. एक अट, तुमचा जुना इन्व्हर्टर लिथियमला चालेल का हे तपासल्याशिवाय नुसती बॅटरी बदलू नका. दोघांचं चार्जिंग वेगळं असतं.

१५. आमच्याकडे बॅटरी दोन वर्षांतच बसते. कंपनीची चूक की आमची?

बहुतेक वेळा उन्हाची. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या वर जातो. लेड-ॲसिडच्या आयुष्याचा सगळा हिशोब २५ अंशांवर केलेला असतो आणि त्यावर दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं.

मी धंद्यात नवा असताना एका घरी बॅटरी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली होती. जागा रिकामी होती, वायरिंग जवळ होतं, मला सोयीचं वाटलं. जूनमध्ये त्यांचा फोन आला. वर चढलो तर गंधकाचा उग्र वास, बॅटरीच्या कडा फुगलेल्या, टर्मिनलवर हिरवट-पांढरा गंज. झाकणं उघडली तर पाणी प्लेटच्या दोन बोटं खाली आणि उघड्या पडलेल्या प्लेटवर पांढरी साय. ती साय म्हणजे सल्फेट. एकदा घट्ट बसली की निघत नाही. त्यांची बॅटरी मी माझ्या खर्चाने बदलून दिली आणि तेव्हापासून जागा पाहिल्याशिवाय बॅटरी बसवत नाही.

जिन्याखाली, उत्तरेच्या भिंतीला, वारा खेळता ठेवून बसवा. स्वयंपाकघरात किंवा देवघराच्या दिव्याजवळ नको, चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. मार्च ते जून दर महिन्याला पाणी बघा. डिस्टिल वॉटरच टाका. बोअरचं तर नाहीच, पण आरओचंही नको, त्यातही क्षार उरतात. पूर्ण चार्ज झाल्यावर ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, १२४०-१२५० च्या आसपास हवी. बॅटरीतल्या सहा घरांपैकी (सेलपैकी) एकाचीच बरीच कमी असेल तर ते घर गेलं समजा.

लिथियमलाही ऊन सोसत नाही. फक्त तिला पाणी लागत नाही, त्यामुळे लोक तिला विसरतात आणि पत्र्याखाली ठेवतात.

१६. रावेर-सावद्याकडे आमचं केळीचं कोल्ड स्टोरेज आहे. डिझेलऐवजी मोठी बॅटरी घ्यावी का?

कॉम्प्रेसर चालवायला बॅटरी म्हणजे पुन्हा मोटारीचाच हिशोब (९). त्याआधी थंडीच साठवता येते का ते बघा. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो ती सुमारे ९३ वॅट-तास. म्हणजे एक टन बर्फात ९३ युनिटांइतकी थंडी. दुपारच्या स्वस्त विजेवर किंवा सोलरवर बर्फ जमवा आणि संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद ठेवून त्यावरून पाणी फिरवा. दुधाच्या संकलन केंद्रांत बर्फाच्या टाकीवर दूध चार अंशांवर आणतात, तीच पद्धत.

केळीला मात्र एक अपवाद आहे आणि तो विसरलात तर माल जाईल. केळी १३ अंशांच्या खाली गेली की सालीला काळपट झाक येते आणि ती नीट पिकत नाही. म्हणून बर्फाची थंडी सरळ खोलीत सोडायची नाही, मध्ये पाण्याचा फेरा आणि तापमान धरणारा व्हॉल्व्ह हवा. ‘दुपारी खोली जास्त गार करून ठेवू’ ही युक्ती बटाट्याला चालेल, केळीला नाही. भिंतीच्या पॅनलचे सांधे आणि दाराचं रबर आधी तपासा. फाटक्या रबराच्या दारातून जेवढी थंडी जाते तेवढी साठवत बसण्यापेक्षा रबर बदललेलं बरं.

बॅटरी घ्यायचीच तर पंखे, दिवे आणि नियंत्रणाच्या पॅनलपुरती लहान घ्या.

१७. वेळेनुसार दर म्हणजे काय? घरबसल्या फायदा होतो का?

कारखान्यांना हे जुनंच आहे. आता स्मार्ट मीटर बसलेल्या घरांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत ठरवलेली आहे. दर बदलत राहतात, तुमचा आकडा बिलावर बघा. कपडे धुण्याचं मशीन, गिझर, गच्चीवरची टाकी भरणं, दळण ही कामं दुपारी सरकवता येतात. हीसुद्धा साठवणच आहे आणि तिला गुंतवणूक शून्य.

१८. विजेच्या स्कूटरची बॅटरी घराला जोडता येईल का?

स्कूटरमध्ये दोन-तीन युनिट असतात, म्हणजे तुमच्या इन्व्हर्टर बॅटरीपेक्षा जास्त. मोह होतो. पण त्या गाडीत वीज उलटी बाहेर काढायची सोय कंपनीने दिलेली नसेल तर जोडू नका, आतलं नियंत्रण बिघडतं आणि आगीचा धोका असतो. काही चारचाकींत बाहेरचं उपकरण लावायचा पॉइंट येतो, तिथे पुस्तिकेत लिहिल्याइतका भार लावा.

१९. आमच्या सबस्टेशनजवळ मोठी बॅटरी येणार म्हणतात. ती पेटते असं ऐकलं. गावाने विरोध करावा का?

भीती निराधार नाही. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगला मोठी आग लागली आणि आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली. तिथे निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटऱ्या एकाच इमारतीत दाटीने मांडलेल्या होत्या. आता बहुतेक ठिकाणी एलएफपी वापरतात आणि उघड्यावर, सुट्या कंटेनरांत, मध्ये अंतर सोडून ठेवतात, म्हणजे एक पेटला तर शेजारचा वाचावा.

सरसकट विरोध करू नका, ग्रामसभेत विचारा. बॅटरी कोणत्या प्रकारची, कंटेनरांत अंतर किती, घरांपासून आणि विहिरींपासून किती लांब, आग लागली तर अग्निशमन कुठून आणि किती वेळात येणार, विझवलेलं पाणी कोणत्या नाल्यात जाणार, आणि ४५ अंशांत थंड ठेवायची यंत्रणा बंद पडली तर काय करणार. शेवटचा प्रश्न नक्की विचारा, तो परदेशी कागदांत सहसा सापडत नाही.

२०. सोलर आणि बॅटरी लावून लाईटचं कनेक्शनच तोडून टाकू का?

शिरपूरहून एका दादांनी हे विचारलं, त्यांचा रोजचा वापर आठ युनिट. एप्रिलमध्ये त्यांचं आरामात भागेल. पण जुलै-ऑगस्टमध्ये सलग चार दिवस आभाळ भरलं तर सोलर पाव हिश्श्यावर येतं. रोज सहा युनिटांची तूट, चार दिवसांत चोवीस. एवढी बॅटरी घ्यायची आणि ती वर्षातले अकरा महिने रिकामी बसवायची. बॅटरी तासांचं अंतर भरते, ऋतूंचं नाही. ऋतूंसाठी धरणं आहेत, आणि आपल्या नशिबाने ज्या महिन्यांत ऊन कमी होतं त्याच महिन्यांत ब्राह्मणवेलचा वारा उठतो. पण तो वारा तुमच्या घरात पोचतो तो तारेनेच. तार ठेवा.

अपवाद आहे तो जिथे तार पोचतच नाही तिथला. धडगावच्या बाजूला डोंगरावर पाच-सहा घरांचे विखुरलेले पाडे आहेत, तिथे खांब नेण्यापेक्षा घरागणिक लहान संच बरा. शंभर वॅटचं पॅनल, एक लहान एलएफपी बॅटरी, तीन दिवे, एक डीसी पंखा, मोबाइलचा पॉइंट. मी लावून देतो तेव्हा पंखा पावसाळ्यात बंद ठेवायला सांगतो आणि तीनपैकी एक दिवा बाहेर, गोठ्याच्या बाजूला लावतो, कारण सलग चार ढगाळ दिवसांनंतर बॅटरीत जे काही उरतं ते विंचू-काट्यासाठी तिथे लागतं. दर पंधरा दिवसांनी पॅनल पुसायचं, ते काम घरातल्या शाळकरी पोराला शिकवून येतो.